काचेसारखे पाणी, पण त्यात विरघळलेय काय?

बदलीच्या निमित्ताने मुंबई-पुण्याहून दिल्लीला जाणाऱ्या मराठी कुटुंबांची पहिली तक्रार थंडीची नसते, उन्हाळ्याचीही नसते. ती असते तुरीच्या डाळीची. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी डाळ रवीखाली घोटली जात नाही, डाळ एकीकडे आणि पाणी एकीकडे राहते. मग हळूहळू बाकीचे लक्षात येऊ लागते. साबण कितीही चोळला तरी फेस धरत नाही, नव्या बादलीच्या आतल्या अंगाला महिन्याभरात पांढरे कडे बसते, नळाच्या तोटीची जाळी बुजते, गीझरचे कॉइल वर्षात बसते. गृहिणी पेला उजेडात धरून पाहते, तर पाणी कसे? काचेसारखे. ना गढूळ, ना रंग, ना तळाशी गाळ. सगळ्या भानगडीचे मूळ समोर असते, पण ते डोळ्यांना दिसत नाही, कारण ते पाण्यात पूर्णपणे विरघळलेले असते. रसायनशास्त्राच्या पुस्तकात यालाच ‘खरे द्रावण’ म्हणतात.

शाळेत हा धडा सगळ्यांनीच वाचलेला असतो आणि परीक्षेनंतर बहुतेक सगळे तो विसरतात. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद या पट्ट्यात मात्र तो विसरणे महागात पडते. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रावर हजारो रुपये खर्च करायचे की नाही, उकळलेले पाणी तान्ह्या बाळाला द्यायचे की नाही, दारात आलेल्या विक्रेत्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे सगळे त्या धड्यावर ठरते.

तीन पेले

साधी गोष्ट आहे. एका पेल्यात चिमूटभर माती टाकून ढवळा, दुसऱ्यात दुधाचे चार थेंब टाका, तिसऱ्यात चमचाभर मीठ. पहिल्या पेल्यातली माती थोड्या वेळाने तळाशी बसेल. हे निलंबन. दुसऱ्या पेल्यातले दूध कितीही वेळ ठेवले तरी (नासले नाही तोवर) खाली बसणार नाही, पण पाणी धुरकट दिसेल. हे कलिल. तिसरा पेला मात्र मीठ टाकण्यापूर्वी होता तसाच दिसेल, तासाभराने आणि महिन्याभरानेही तसाच राहील. वरचा घोट आणि तळाचा घोट सारखाच खारट लागेल. हे खरे द्रावण.

फरक आहे तो कणांच्या आकाराचा. खऱ्या द्रावणातले कण एक नॅनोमीटरपेक्षा लहान असतात. म्हणजे एका मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहूनही बारीक. साध्या सूक्ष्मदर्शकातूनही ते दिसत नाहीत. खोलीत अंधार करून या तीन पेल्यांतून बॅटरीचा झोत सोडला तर दुधाच्या पाण्यात प्रकाशाची वाट आरपार उजळलेली दिसते. मिठाच्या पाण्यात झोत जातो कुठून आणि येतो कुठून, काही कळत नाही. इतके बारीक कण प्रकाश विखरून टाकू शकत नाहीत. कलिलात प्रकाश विखुरतो याचा अभ्यास एकोणिसाव्या शतकात जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने केला, म्हणून त्याला टिंडल परिणाम असे नाव पडले. ‘कलिल’ या प्रकाराला इंग्रजीतले नाव दिले ते थॉमस ग्रॅहम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने, १८६१ मध्ये. त्याने पाहिले की मीठ-साखरेसारखे पदार्थ पडद्याच्या पलीकडे सहज जातात आणि डिंक-सरसासारखे अडकून राहतात.

दिल्लीकरांना टिंडल परिणाम दाखवायला बॅटरी लागत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरच्या रात्री रिंग रोडवर मोटारींच्या दिव्यांचे झोत खांबांसारखे दिसतात ना, तोच हा परिणाम. धूर, धूळ आणि धुके यांचे बारीक कण हवेत तरंगत असतात आणि प्रकाश विखरतात. स्वच्छ हवा हीसुद्धा वायूंचे एक खरे द्रावणच असते, तिच्यातून जाणारा झोत बाजूने दिसत नाही. दिल्लीच्या हवेत बिघाड झाला की निदान तो दिसतो तरी. पाण्याचे तसे नाही.

एकाच नदीत तिन्ही प्रकार

यमुनेच्या काठी हे तिन्ही प्रकार एकाच पात्रात पाहायला मिळतात. पावसाळ्यात हरियाणातून येणारा गढूळ लोंढा म्हणजे निलंबन. तो जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीने आणि वाळूच्या थरांनी आवरता येतो. शरदात छठ पूजेच्या सुमाराला कालिंदी कुंजजवळ, ओखला बंधाऱ्याखाली पांढऱ्या फेसाचे ढीग तरंगतात आणि त्यात उभ्या राहिलेल्या स्त्रियांची छायाचित्रे देशभर छापली जातात. हा फेस कलिलाचा प्रकार. सांडपाण्यातून आलेले साबण आणि डिटर्जंट, त्यातले फॉस्फेट आणि बंधाऱ्यावरून पडताना होणारी घुसळण यांतून तो तयार होतो.

तिसरा प्रकार छायाचित्रात येत नाही. तो म्हणजे अमोनिया. पानिपत, सोनिपतकडून येणाऱ्या औद्योगिक आणि घरगुती सांडपाण्यातून तो यमुनेत उतरतो आणि पाण्यात पूर्ण विरघळतो. पिण्याच्या पाण्यात अमोनियाचे प्रमाण लिटरला अर्धा मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक सांगते. कच्च्या पाण्यात ते एक मिलिग्रॅमच्या आसपास गेले की वझिराबाद आणि चंद्रावलच्या केंद्रांची दमछाक सुरू होते. तुरटीने तो खाली बसत नाही, वाळूतून गाळला जात नाही. त्यावर क्लोरीनचा मारा करावा लागतो आणि तो वाढला की क्लोरामाइनसारखी नवी संयुगे तयार होतात. म्हणून हिवाळ्यात, नदीला पाणी कमी असताना, केंद्रांचे उत्पादन घटवावे लागते आणि मध्य व उत्तर दिल्लीतले नळ कोरडे पडतात. जानेवारी २०२५ मध्ये विधानसभा निवडणुकीच्या प्रचारात हाच अमोनिया थेट राजकीय आखाड्यात उतरला आणि दिल्ली व हरियाणाची सरकारे एकमेकांवर तुटून पडली. एरवी कोणाच्या खिजगणतीत नसलेला हा न दिसणारा वायू आठवडाभर पहिल्या पानावर होता.

वायूसुद्धा विरघळतो हे बऱ्याचदा ध्यानात येत नाही. मासे जगतात ते पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर. त्यांचा नियम मीठ-साखरेच्या उलटा. गरम पाण्यात साखर जास्त विरघळते, वायू मात्र कमी. वीस अंश सेल्सियसला स्वच्छ पाण्याच्या लिटरमध्ये सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसातच. स्नानायोग्य पाण्यात तो किमान पाच मिलिग्रॅम असावा लागतो. वझिराबादपासून ओखल्यापर्यंतच्या सुमारे २२ किलोमीटरच्या पात्रात मात्र तपासणीच्या अनेक ठिकाणी तो शून्यावर येतो. सांडपाण्यातली घाण कुजताना सगळा प्राणवायू खाऊन टाकते. वरून पाहणाऱ्याला नदी वाहताना दिसते, पण आत श्वास घ्यायला काही उरलेले नसते.

जमिनीखालचे मिठागर

नदीचे पाणी अपुरे म्हणून या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी उपसले जाते. ते निसर्गतःच खनिजांनी भरलेले आहे. पाऊस कमी, ऊन कडक, जमिनीतले क्षार वाहून न्यायला पुरेसे पाणी नाही. विशेषतः नजफगढचा सखल भाग, गुरुग्राम आणि त्यापलीकडचा नूंहचा परिसर खाऱ्या भूजलासाठी ओळखला जातो. अनेक ठिकाणी वर गोड्या पाण्याचा पातळ थर आणि खाली खारे पाणी अशी रचना असते. बोअरवेलने अधाशीपणे उपसा केला की खालचे खारे पाणी वर चढते. त्याच बोअरचे पाणी दहा वर्षांपूर्वी गोड होते, असे जुने रहिवासी सांगतात ते याचमुळे.

हे खारे पाणी एके काळी वैभवाचे साधन होते, हे सांगितले तर आज गुरुग्रामच्या काचेच्या इमारतींत काम करणाऱ्यांना खरे वाटणार नाही. एकोणिसाव्या शतकात सुलतानपूर आणि फर्रुखनगरच्या परिसरात खाऱ्या विहिरींचे पाणी उथळ वाफ्यांत सोडून उन्हात आटवत आणि मीठ काढत. ‘सुलतानपुरी मीठ’ दिल्लीच्या बाजारात येई आणि त्यासाठी फर्रुखनगरपर्यंत रेल्वेचा फाटाही टाकला गेला. पुढे राजस्थानातल्या सांभर सरोवराच्या मिठापुढे आणि सरकारी करांपुढे हा धंदा टिकला नाही. आज त्या सुलतानपूरला लोक जातात ते पक्षी पाहायला. तिथले सरोवर राष्ट्रीय उद्यान झाले असून २०२१ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

त्या मीठवाल्यांनी वापरलेला गुण हा खऱ्या द्रावणाचा आणखी एक धर्म. गाळून वेगळे होत नाही, पण पाणी आटवले की विरघळलेले सगळे मागे राहते. ज्या घरात शंका असेल त्यांनी एका काळ्या किंवा स्टीलच्या ताटलीत अर्धी वाटी पाणी घ्यावे आणि ते दिल्लीच्या उन्हात वाळू द्यावे. ताटलीवर उरणारा पांढरा डाग म्हणजेच त्या पाण्याची जन्मपत्रिका.

डाळ का शिजत नाही?

या डागात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बरेच असतील तर पाणी ‘जड’ किंवा ‘कठीण’ समजावे. डाळीच्या पेशींना चिकटवून ठेवणारे पेक्टिन नावाचे द्रव्य असते. शिजताना ते सुटायला हवे. कॅल्शियम त्याला घट्ट बांधून टाकतो, मग डाळ शिट्ट्यांना दाद देत नाही. जुन्या बायका चिमूटभर खाण्याचा सोडा टाकत, त्याने काम होते, पण त्यात जीवनसत्त्वांचा काही भाग जातो. साबणाचेही तेच. कॅल्शियम साबणाशी संयोग करून न विरघळणारा चिकट साका तयार करतो, आणि तो संपेपर्यंत फेस येत नाही. बाथरूमच्या फरशीवर बसतो तो राखाडी थर हाच.

या जडपणाचा एक भाग उकळल्याने जातो. बायकार्बोनेट स्वरूपातले कॅल्शियम उकळताना न विरघळणारे कार्बोनेट होऊन भांड्याच्या तळाशी आणि गीझरच्या कॉइलवर बसते. दुसरा भाग, सल्फेट आणि क्लोराइडचा, कितीही उकळले तरी जात नाही. आणि इथेच अनेक सुशिक्षित घरांत गफलत होते. उकळल्याने जंतू मरतात, विरघळलेले क्षार नाही. उलट पाण्याची वाफ उडून जाते आणि मागे राहिलेल्या पाण्यात क्षारांचे प्रमाण वाढते. नायट्रेट आणि फ्लोराइडच्या बाबतीत हे लक्षात ठेवायलाच हवे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, कारण बाटलीचे दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती त्याने कमी होते आणि बाळ निळे पडू शकते. फ्लोराइड एक मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दीड मिलिग्रॅमच्या वर गेले आणि वर्षानुवर्षे पोटात गेले तर मुलांचे दात डागाळतात, पुढे हाडेही धरतात. दोन्हींना या प्रमाणात ना रंग, ना वास, ना चव. काळजी घेणारी आई बाळासाठी तेच पाणी पंधरा मिनिटे उकळते आणि नकळत ते अधिक तीव्र करते.

अमुक चार थेंब मिठाने डाळ लवकर शिजते, अशीही एक समजूत आहे. तिच्या मागे शास्त्राचा थोडा आधार आहे, पण अगदी थोडा. कोणताही न उडणारा पदार्थ विरघळला की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो आणि गोठणबिंदू उतरतो. किती, ते पदार्थ कोणता यावर नव्हे तर त्याचे कण किती यावर ठरते. मिठाचा एक घटक विरघळताना सोडियम आणि क्लोराइड असे दोन कण होतो, म्हणून साखरेच्या तुलनेत त्याचा परिणाम दुप्पट. तरी लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ घातले तर उत्कलनबिंदू एका अंशाच्या दहाव्या भागाइतकाही वाढत नाही. डाळीला त्याचे काय!

गोठणबिंदूचा खेळ मात्र दमदार आहे. चांदनी चौकातला कुल्फीवाला मटक्यात बर्फ आणि जाडे मीठ एकत्र करतो तेव्हा हे मिश्रण शून्याखाली, योग्य प्रमाण साधले तर उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. म्हणून विजेशिवाय दूध घट्ट गोठते. त्याआधीची युक्ती मोगलांच्या आबदारखान्यातली. अकबराच्या दरबारात पाणी गार करायला सोरा वापरत, हे अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त नोंदवून ठेवले आहे. सोरा पाण्यात विरघळताना भोवतालची उष्णता शोषून घेतो. त्या पाण्यात पिण्याच्या पाण्याची सुरई फिरवली की ती गार पडे. तोफांच्या दारूत जो आग लावतो तोच सोरा बादशहाची तहान भागवत होता.

काळे पडणारे पाणी आणि दारातला विक्रेता

आता त्या प्रयोगाकडे वळू, ज्याने उत्तर भारतातल्या असंख्य बैठकीच्या खोल्यांत यंत्रे विकली गेली आहेत. टाय लावलेला तरुण येतो. दोन पेले मागतो. एकात नळाचे पाणी, दुसऱ्यात बरोबर आणलेले ‘शुद्ध’ पाणी. दोन्हींत तो धातूच्या काड्यांचे एक उपकरण बुडवतो आणि विजेचे बटण दाबतो. मिनिटाभरात नळाच्या पाण्यात हिरवट-तपकिरी गाळ उसळतो, वर फेस येतो. दुसरा पेला जवळजवळ स्वच्छ राहतो. ‘पाहा मॅडम, हे तुम्ही मुलांना पाजताय!’ घरातले सगळे हादरतात आणि त्याच संध्याकाळी धनादेश फाटतो.

तो गाळ पाण्यातला नसतोच. तो त्या लोखंडी काडीचा असतो. विरघळलेले क्षार पाण्यात विद्युत्भारित कणांच्या रूपात असतात आणि त्यांच्यामुळे पाण्यातून वीज वाहते. वीज वाहिली की लोखंडाची काडी झिजू लागते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. दुसऱ्या पेल्यातल्या पाण्यातले क्षार काढून टाकलेले असतात, म्हणून वीज फारशी वाहत नाही आणि काडी झिजत नाही. उत्तम प्रतीच्या खनिजयुक्त पाण्याचीही या उपकरणात अशीच दशा होईल. विक्रेता पुन्हा आला तर त्याच्या ‘शुद्ध’ पाण्यात आपल्या स्वयंपाकघरातले चिमूटभर मीठ टाकून तोच प्रयोग करायला सांगावे. ते पाणी नळाच्या पाण्यापेक्षाही जास्त घाण दिसेल. (घरात स्वतः हा उद्योग करू नये. उघड्या काड्या, पाणी आणि घरातली वीज यांचा मेळ जिवावर बेततो.)

त्याच्या खिशातले दुसरे हत्यार म्हणजे पेनासारखा टीडीएस मीटर. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या घन पदार्थांचे एकूण प्रमाण. हे यंत्र खरे आहे, खोटे नाही, पण ते पदार्थ मोजत नाही. ते फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते पाहते आणि त्यावरून अंदाज सांगते. गंमत म्हणून पेलाभर पाण्यात दोन चमचे साखर विरघळवून पाहा, काटा जवळजवळ हलत नाही. साखरेचे रेणू विरघळतात, पण त्यांचे विद्युत्भारित कण होत नाहीत. चिमूटभर मीठ टाकले की आकडा उडी मारतो. म्हणजे मीटरवर ३०० दिसले तर त्यात उपयुक्त कॅल्शियम किती, घातक फ्लोराइड किती, हे त्याला ठाऊक नसते. जंतूंचे तर तो नावही घेत नाही. गटाराचे पाणी मिसळून कावीळ पसरवणारे पाणीही या मीटरवर ‘पास’ होऊ शकते.

आकडा वाचायचा कसा, हेही जाणून घ्यावे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावे. ५०० म्हणजे वीस लिटरच्या बादलीत दहा ग्रॅम, साधारण दोन चहाचे चमचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सुमारे ६०० पर्यंतचे पाणी चवीला चांगले लागते आणि हजाराच्या वर गेले की पिववत नाही. केवळ टीडीएसचा आकडा आरोग्याला धोकादायक, असे संघटनेने म्हटलेले नाही.

आरओचे खरे काम

न दिसणारे, न गाळता येणारे आणि उकळून न जाणारे क्षार काढायचे कसे? त्याची वाट निसर्गातच आहे. मनुका पाण्यात टाकली की फुगते. सालीतून पाणी आत शिरते, साखर बाहेर यायला मात्र सहज वाट नसते. हेच परासरण. कैरीच्या फोडींना मीठ चोळले की पाणी सुटते, तेही त्याच तत्त्वाने, फक्त उलट्या दिशेने. पाणी नेहमी विरळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे धावते, आणि त्यामागचा दाब विरघळलेल्या कणांच्या संख्येवर ठरतो. या दाबाचे गणित मांडणाऱ्या व्हान्ट हॉफ या डच शास्त्रज्ञाला १९०१ मध्ये रसायनशास्त्राचे पहिलेवहिले नोबेल पारितोषिक मिळाले.

दाट बाजूवर त्याहून जास्त दाब दिला तर पाणी उलटे धावते, क्षार मागे राहतात. ही कल्पना सोपी, पण तसा पडदा मिळणे अवघड होते. कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी १९६० च्या सुमारास सेल्युलोज अॅसिटेटचा असा पडदा तयार केला, ज्यातून पुरेसे पाणी पुरेशा वेगाने पलीकडे जाई. आज दिल्लीच्या ओट्यावर भिंतीला टांगलेला आरओ हा त्याच पडद्याचा वंशज.

प्रश्न एवढाच, की तो प्रत्येक ओट्यावर हवा का? दिल्ली-एनसीआरमध्ये याचे एकच उत्तर देता येत नाही. पूर्व दिल्लीतल्या सोनिया विहार आणि भागीरथी केंद्रांना वरच्या गंगा कालव्याचे पाणी मिळते. ते मुळातच सौम्य असते. नोएडात गंगेचे पाणी आणि कूपनलिकांचे पाणी मिसळून दिले जाते, त्यामुळे दोन सेक्टरांत, कधी दोन हंगामांत पाण्याची जात बदलते. द्वारका, नजफगढ, गुरुग्राममध्ये टँकर किंवा बोअरवेलवर अवलंबून असलेल्या सोसायट्यांत खरोखरच खारे पाणी येते. पहिल्या घरात आरओ ही चैन आहे, तिसऱ्या घरात ती गरज.

२० मे २०१९ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने याच मुद्द्यावर आदेश दिला. ज्या पाण्यात टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे तिथे आरओ वापरू देऊ नये आणि जिथे तो लागतो तिथे निदान ६० टक्के पाणी वापरात यावे, असे लवादाने सरकारला सांगितले. त्याआधी नेमलेल्या तज्ज्ञ समितीत नागपूरच्या ‘नीरी’चे शास्त्रज्ञही होते. कमी क्षारांच्या पाण्याला आरओ लावल्याने उपयुक्त खनिजेच निघून जातात, असा त्यांचा निष्कर्ष होता. यंत्रे विकणाऱ्यांना तो रुचला नाही आणि वाद न्यायालयांत गेला.

त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला भारतीय मानक ब्यूरोने देशातल्या २१ शहरांतल्या नळाच्या पाण्याच्या तपासणीचे निकाल जाहीर झाले. मुंबईचे दहाच्या दहा नमुने सगळ्या कसोट्यांवर उतरले. दिल्लीचे अकराच्या अकरा नापास. दिल्ली सरकारने हा निकाल फेटाळला, केंद्रीय मंत्र्यांनी उचलून धरला आणि पुन्हा राजकारण रंगले. भातसा, वैतरणा, तानसाच्या धरणांतले सह्याद्रीच्या कातळावरून वाहत आलेले पावसाचे पाणी आणि गाळाच्या मैदानात मुरून क्षार गोळा करणारे पाणी यांची तुलना करताना भूगोलही लक्षात घ्यायला हवा होता. पण नमुने नापास झाले ते केवळ भूगोलामुळे नव्हे, हेही तितकेच खरे. जुने गंजलेले नळ आणि त्यांना लागून जाणारी गटारे भूगोलाने घातलेली नाहीत.

मग काय करावे?

मीटरवर भागवू नये. प्रयोगशाळेतून वर्षातून एकदा, शक्यतो उन्हाळ्यात, पाणी तपासून घ्यावे आणि टीडीएसबरोबर जडपणा, फ्लोराइड, नायट्रेट आणि जंतू यांचे आकडे मागावेत. सोसायटीने मिळून तपासणी केली तर माणशी खर्च किरकोळ येतो. टीडीएस ५०० च्या आत असेल आणि फ्लोराइड-नायट्रेट मर्यादेत असतील, तर जंतूंसाठी उकळणे किंवा अतिनील किरणांचे यंत्र पुरते. क्लोरीनचा वास कोळशाच्या गाळणीने जातो. वरच्या टाकीत पाणी जड येत असेल आणि तक्रार फक्त आंघोळ, कपडे आणि गीझरची असेल, तर आरओ नव्हे, पाणी मृदू करणारे यंत्र लागते. त्यातली रेझीन कॅल्शियम धरून ठेवते आणि सोडियम सोडते. रक्तदाबाच्या रुग्णाने असे पाणी पिण्यासाठी वापरण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

फ्लोराइड, नायट्रेट किंवा खारेपणा जास्त निघाला तर मात्र आरओ घ्यावाच. तो घेताना विक्रेत्याला टीडीएस २०-३० वर आणायला सांगू नये. तो आकडा पाहून घरातल्यांना धन्यता वाटते, पण असे पाणी बेचव लागते. कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या पाण्याच्या सवयीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही सावध केले आहे. पडदा वेळेवर बदलावा. जुना, फाटका पडदा गाजावाजा तेवढाच करतो, काम करत नाही. बदलण्याची वेळ ओळखायला तो पेनसारखा मीटर खरोखर कामाला येतो. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्यातला फरक घटू लागला की पडदा संपत आला.

राहिले ते मोरीत वाहून जाणारे पाणी. साध्या घरगुती यंत्रात चार लिटरमागे एक लिटर पिण्याला मिळते आणि तीन बाहेर जातात. चौघांच्या घरात पिण्याला आणि स्वयंपाकाला दिवसाला वीस लिटर लागले तर साठ लिटर गटारात. तेही या शहरात, जिथे मे महिन्यात टँकरमागे माणसे हंडे घेऊन पळतात. हे पाणी घाण नसते, फक्त जास्त दाट असते. आत ६०० चे पाणी गेले तर बाहेर पडणारे ७८० च्या आसपास असेल. फरशी पुसायला, संडासात टाकायला, गच्ची धुवायला ते बिनदिक्कत चालते, नळी बादलीत सोडून ठेवली की झाले. कुंड्यांना मात्र रोज घालू नये. तुळशीला पाणी दिले की ते उडून जाते, क्षार मातीत राहतात, आणि काही महिन्यांत कुंडीच्या कडेला तोच पांढरा थर धरू लागतो.